दाबलं तर दुखत नाही

माझ्या थोरल्या भावाचा उजवा अंगठा हा आमच्या तालमीतला शेवटचा शब्द होता. दादा रहाटणीच्या तालमीचा वस्ताद. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, त्यामुळे मला त्यानेच वाढवलेलं. घरी मी त्याला अरे-तुरे करायचो, तालमीत पाऊल टाकलं की वस्ताद आणि अहो-जाहो. उलट बोलायची सोय मात्र दोन्हीकडे नव्हती. कुणी म्हणालं, वस्ताद, आज खांदा धरलाय, की दादा त्याला समोर उभा करायचा आणि दुखऱ्या जागेवर अंगठा रोवायचा. समोरचा कळवळला तर दुखणं खरं. त्याला तेल-हळद चोळायची आणि तीन दिवस सुट्टी. नाही कळवळला, तर दुखणं खोटं, अंगात आळस शिरलाय. आळसावर औषध एकच होतं, जास्तीचे पन्नास जोर.

या नियमाचा मला जितका त्रास झाला तितका गावात कुणाला झाला नसेल. मी आळशी होतो हे खरंच आहे, नाकारत नाही. पण आळशी माणसाचंही कधीतरी खरंच दुखतं की नाही? माझं दुखणं नेमकं दादाच्या अंगठ्याला चुकवून बसायचं. एकदा मला हिवताप होता. आता ताप दाबायचा कुठे? दादाने जरा विचार केला आणि माझ्या दंडावर अंगठा ठेवला. दंड दुखला नाही. बाहेर ऊन चढलेलं, आत मला हुडहुडी भरलेली आणि मी लाल मातीत पन्नास जोर काढतोय. बाकीचे पैलवान भिंतीला टेकून मोजत होते. दुसऱ्या दिवशी मी बेशुद्ध पडलो तेव्हा दादाने वहिनीला सांगितलं, "काल चाळीसच काढलं आसतील त्यानं. मोजनाऱ्यांनी सूट दिली." असा माणूस.

पन्नास साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. नदीपलीकडे पिंपरीला कारखाने उभे राहत होते आणि त्यातल्या एकात मला काम मिळालं. खोकी भरायची, मोजायची, गाडीवर चढवायची. भोंगा, पाळी, हजेरी, सगळं नवीन. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पाळी. सकाळची पाळी म्हटलं की तालीम आपोआप सुटायची, आणि त्याला दादाचाही इलाज नव्हता. चार-पाच महिने मी मातीला पाय लावला नाही. सुखात होतो.

पण चैत्रातली जत्रा जवळ आली. जत्रेत आमच्या तालमीच्या आणि सांगवीच्या तालमीच्या कुस्त्या व्हायच्या, आणि त्यात वस्तादाच्या घरचा एक तरी गडी उतरलाच पाहिजे असा रिवाज होता. दादाचं वय पंचेचाळीसच्या पुढे. म्हणजे घरचा गडी मी. मला न विचारता माझं नाव देऊन झालं होतं. रविवारची सुट्टी, पहाटेची गाढ झोप, आणि दादाने माझं पांघरूण ओढलं. डोक्यात अशी तिडीक गेली की सांगता सोय नाही.

त्या रविवारी त्याने माझ्याकडून दोनशे जोर काढून घेतले. चार महिने खोकी मोजणाऱ्या माणसाकडून दोनशे. दीडशेला मी म्हणालो, वस्ताद, गुडघ्यात काहीतरी होतंय. अंगठा आला. गुडघा दुखला नाही. दोनशेचे अडीचशे झाले. शेवटचा जोर काढून मी मातीत पालथा पडलो, तेव्हा मनातल्या मनात त्याला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

थोड्या वेळाने तो माझ्याशेजारी येऊन बसला. त्याचे स्वतःचे जोर झाले होते. छातीवर सबंध तळवा पसरून तो हळूहळू चोळत होता. मग इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "बारक्या, हितं मदोमद दगुड ठेवल्यावानी व्हतंय बग. हातात बी उतरतंय. आनि दाबलं तर दुकत न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस मला दुखतंय म्हणून सांगत होता. हे मला आज कळतं. त्या वेळी मला एवढंच कळलं की सावज आपणहून जाळ्यात आलं. मी उठून बसलो, त्याच्या छातीवर मधोमध अंगठा ठेवला आणि चांगला जोर लावून दाबला. तो कळवळला नाही. मी सगळ्या तालमीला ऐकू जाईल असं म्हणालो, "दुखत नाही? मग आळस आहे, वस्ताद. पन्नास जोर."

तालीम खदखदून हसली. दादाही हसला. आणि उठून मातीत उतरला, कारण नियम त्याचाच होता आणि त्यातून स्वतःला सूट देणारा तो नव्हता. मी मोजत होतो. तिसाव्याला तो गुडघ्यांवर टेकला. हवा गार होती, तरी त्याच्या कपाळावरून घामाची धार लागली होती. मी म्हणालो, वीस राहिले. त्याने वीस काढले. मग भिंतीला टेकून बराच वेळ बसून राहिला आणि शेवटी म्हणाला, "बसल्यावर गेलं बग. म्हंजी आळसच व्हता." मला त्या दिवशी फार बरं वाटलं. दुपारी मटण होतं, मी पोटभर जेवलो.

सोमवारी अंग आंबलं आणि मंगळवारी त्याचा कळस झाला. छातीच्या दोन्ही बाजू अशा धरल्या होत्या की सदरा घालताना डोळ्यांत पाणी आलं. शिंक आली तर मरण, हसू आलं तर मरण. कारखान्यात खोकं उचलायला वाकलो आणि छाती धरून तसाच राहिलो. झालं. मुकादमाने आरडाओरडा केला, चार जणांनी मला आडवं केलं, एकाने तोंडावर पाणी मारलं, एकाने कांदा हुंगायला दिला. अरे, मी जोर काढलेत, अंग आंबलंय, असं मी कळवळून सांगतोय, आणि कोणी ऐकायला तयार नाही. छातीत दुखतंय म्हणजे गेला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मला हातगाडीवर घालून, सबंध कारखान्याची वरात काढून, कंपनीच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर पुण्याहून यायचे, वयस्कर होते. त्यांनी विचारलं कधीपासून, काय केलं होतंत, हात वर करा, वळा, खोल श्वास घ्या. मग त्यांनी माझ्या छातीवर अंगठा ठेवला. मी म्हटलं, इथेही तेच. त्यांनी दाबलं आणि मी ओरडलो.

"छान," डॉक्टर म्हणाले.

"छान काय त्यात?" मी विचारलं. तोपर्यंत माझा संयम संपला होता.

"दाबल्यावर दुखतंय, हात हलवला की दुखतंय, दोन्हीकडे सारखं दुखतंय, आणि परवा तुम्ही मूर्खासारखे अडीचशे जोर काढलेत. स्नायू आंबलेत. चार दिवसांत उतरेल. नुसतं दाबून सगळं कळतं असं नाही, पण तुमच्या वयात, एवढी सगळी लक्षणं जुळत असताना, मी काळजी करणार नाही. काळजी वेगळ्या दुखण्याची."

"ती कुठली?" हे मी का विचारलं कोण जाणे. बहुतेक ते मला मूर्ख म्हणाले म्हणून, त्यांना आणखी थोडं कामाला लावायला.

डॉक्टर माझ्या चिठ्ठीवर लिहितालिहिता सांगत होते. "माणूस चढ चढला, ओझं उचललं, की छातीत मधोमध दाब येतो. बोटाने दाखवता येत नाही, तळवा ठेवून दाखवतात. डाव्या हातात उतरतो, कधी जबड्यात जातो. घाम फुटतो, दम लागतो. थांबलं, बसलं, की जातो. आणि वरून कितीही दाबा, दुखत नाही. कारण दुखणं वर नसतंच, आत असतं, हृदयाचं. त्याला आम्ही घाबरतो."

मग म्हणालो, "आमच्या तालमीत दाबल्यावर दुखलं नाही तर पन्नास जोर काढायला लावतात."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "कोणाला लावले?"

मी दादाचं सांगितलं. पन्नास जोर कोणी सांगितले ते सांगितलं नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले, "त्यांना इथे घेऊन या. आजच. आणि तोपर्यंत त्यांना काहीही करू देऊ नका."

सायकल हाणत, नदीतून ती खांद्यावर घेऊन, आंबलेल्या छातीने बोंब मारत मी घरी पोचलो. दादा शेतावरून नुकताच आला होता. वहिनी भाकरी थापत होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं. दादाने शांतपणे ऐकून घेतलं, स्वतःच्या छातीवर अंगठा रोवला आणि म्हणाला, "हे बग. दुकत न्हाई."

"अरे म्हणूनच!" मी ओरडलो.

"म्हनूनच काय? दुकत न्हाई म्हंजी दुकनं न्हाई. तुजं दुकतंय, तू नीज."

तासभर मी त्या माणसापुढे डोकं फोडून घेतलं. जितकं समजावून सांगावं तितका तो अंगठा दाबून दाखवायचा आणि हसायचा. वहिनी चुलीपुढून म्हणाल्या, "भावजी, म्हैना झाला, नदीवरनं वर चढताना दोनदा बसत्यात. दाढ दुकती म्हनत्यात. बसलं की दाढ बी ऱ्हाती." दादाने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या गप्प झाल्या. चढताना दाढ दुखते आणि बसलं की राहते. अशी दाढ जगात कोणाची असते? पण याला ते सुद्धा पटत होतं, डॉक्टर पटत नव्हता. आंब्याच्या झाडावरून पडला नाही, बैलाने मारलं नाही, रक्त नाही, सूज नाही, मग डॉक्टर कशाला?

शेवटी म्हणाला, "येतो. पन कुस्ती खेळ माज्यासंगं. पाडलंस तर गुमान येतो."

आमच्या घरात दुसऱ्याचं म्हणणं मानायची हीच एक रीत होती, आणि नेमकी तीच मला वापरता येत नव्हती. त्याला पाडायला जायचं म्हणजे त्याला मारायला जायचं. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, बघ, आळस. एवढा राग आला होता मला की रडूच फुटलं. पंचवीस-सव्वीस वर्षांचा घोडा, भाकरीच्या ताटापुढे बसून रडत होतो. संध्याकाळ झाली, दवाखाना बंद झाला. डॉक्टरांनी आजच आणा म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दादा नेहमीप्रमाणे तालमीला निघाला. मी मागोमाग, काही सुचत नसताना. तालमीच्या दारात आमच्या आधीच येऊन वहिनी बसलेल्या. बाईमाणसाने तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही, हे गावात सांगावं लागत नसे. आत मारुती होता. वहिनींनी ओलांडला नव्हता. त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, मधोमध, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत. त्यांच्यावरून पाय टाकून आत जायची कुणाची छाती नव्हती, आणि वस्तादाच्या बायकोला हात धरून उठवणार कोण? नऊ-दहा पैलवान बाहेर लंगोट लावून उभे होते आणि अंग झाकायला टॉवेल शोधत होते.

दादा म्हणाला, "ऊठ."

वहिनी म्हणाल्या, "तांदूळ हुंद्या."

मग त्याने दरडावलं, मग समजावलं, मग तो थोडा वेळ पाठ करून उभा राहिला. वहिनींनी एकेक खडा काढून बाजूला ठेवला. सूपभर तांदूळ निवडून झाले तसे त्यांनी ते परत एकत्र केले आणि पुन्हा निवडायला घेतले. बाहेर रस्त्याने पाणी भरणाऱ्या बाया थांबायला लागल्या. दादा एवढा वैतागलेला मी कधी पाहिला नव्हता. शेवटी माझ्यावर खेकसला, "चल बाबा तुज्या त्या डॉक्टरकडं. ही काय उठत न्हाई."

मी बैलगाडी जुंपली. दादा मागे बसला. नदीपर्यंत ठीक होतं, पाणी जेमतेम गुडघाभर. पलीकडचा चढ लागला तशी मागून गाडी हलली. वळून बघतो तर हा खाली. चढावर बैलांना ओझं नको म्हणून आमच्याकडे माणसं उतरतात, तसा उतरला होता, आणि वर चाकाला खांदा लावून गाडी ढकलत होता. मी कासरे सोडून उडी मारली. "अरे तुला दवाखान्यात नेतोय ना मी?" माझा आवाज चिरकला. "बैलांना दया दाखवतोस, तुला स्वतःला काही आहे का नाही?"

त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तळवा छातीवर पसरलेला होता, अगदी डॉक्टरांनी सांगितला तसा. तो तिथेच मातीत बसला. मी त्याच्या पाठीला पाठ लावून बसलो, कारण दुसरं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. बैल आपले चढावर उभे राहिले. बऱ्याच वेळाने त्याचा श्वास खाली बसला. मग तो आपणहून गाडीत चढून बसला.

डॉक्टरांनी त्याची छाती ऐकली, हात बघितला, प्रश्न विचारले. छातीवर दाबलं आणि विचारलं, "दुखतंय?"

"न्हाई," दादा म्हणाला. तेवढ्यातही थोडा रुबाब होता. मी कपाळावर हात मारला.

"सगळ्यात जास्त कधी झालं होतं?"

"ऐतवारी. पन्नास जोर काढलं तवा."

"दुखत असताना? कोणी सांगितलं होतं काढायला?"

मी जमिनीकडे बघत होतो. दादा म्हणाला, "तालमीचा नियम हाय."

डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या आणि त्याच दिवशी कंपनीच्या गाडीतून पुण्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे तारा लावून हृदयाचा आलेख काढला. वाचला, पण थोडक्यात, असं तिथले डॉक्टर म्हणाले. सहा आठवडे अंथरुणावर. जोर, बैठका, माती, सगळं कायमचं बंद. जत्रेत मी उतरलो आणि सांगवीच्या पैलवानाने मला बसल्या बैठकीला चितपट केलं. इस्पितळात जाऊन दादाला सांगितलं तर म्हणाला, "आळस."

घरी आल्यावर दादाने नियम बदलला. अंगठा तोच, निवाडा उलटा. छाती दाबल्यावर दुखली तर तेल लावून घरी, नाही दुखली तर जोर नाहीत, सरळ पिंपरीला डॉक्टरकडे. चार दिवसांत तालमीतल्या प्रत्येक आळशाच्या छातीत दुखायला लागलं, आणि दाबल्यावर कुणाचीच दुखेना. डॉक्टरांचा मला निरोप आला की तुमच्या गावाला काय झालंय. दादा संतापायचा, पण पाठवायचाच. "येक जरी खरा निगाला तर?" म्हणायचा.

आत उतरायची बंदी, म्हणून तो तालमीच्या उंबऱ्यावर बसायचा, वहिनी बसल्या होत्या त्याच जागी. एका रविवारी जोर काढून मी बाहेर आलो तर त्याने मला शेजारी बसवलं. माझा उजवा हात धरला, आणि अंगठा स्वतःच्या छातीवर मधोमध ठेवला.

"दाब."

मी दाबलं.

"न्हाई दुकत," तो म्हणाला. "आता म्हन की. त्या दिशी कसं पटकन म्हनाला हुतास."

आत पैलवान मोजत होते, एकशे बारा, एकशे तेरा. इतके महिने मला वाटत होतं की तो विसरला असेल, किंवा त्याने मनावर घेतलंच नसेल. मी अंगठा काढला नाही. त्याच्याखाली काहीतरी संथपणे ठोके देत होतं आणि ते तसंच राहावं म्हणून की काय, मी दाबतच राहिलो.

दादाने माझं मनगट धरलं. "आरं, पुरं आता," तो म्हणाला. "दुकाय लागलं."